सेसना १७२ वर फ्लेअर करताना विमान वर का उसळतं?

तुम्ही विचारलंय की सेसना १७२ या छोट्या विमानात अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) छान होतो, पण फ्लेअरला (टेकण्याआधी नाक हळूहळू उचलून उतरणं सावकाश करताना) विमान वर फुगतं आणि मग धाडकन आपटतं. बहुतेक वेळा मूळ कारण फ्लेअर नसतंच, जादा वेग असतो. पूर्ण फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) असताना १७२ साठी ६० ते ७० नॉट्स (ताशी सागरी मैल) पुरतात. ‘सेफ्टीसाठी’ म्हणून ७५-८० ने आलात तर योक (नाक वर-खाली करायचं स्टीअरिंग) जरा ओढला तरी विमान वर जाणारच.

दुसरं म्हणजे नजर. नाकासमोरच्या डांबराकडे बघत राहिलात तर उंचीचा अंदाज हमखास चुकतो. साधारण १०-२० फुटांवर राउंडआउट (उतरता मार्ग सपाट करणं, म्हणजे फ्लेअरची सुरुवात) सुरू केलं की नजर धावपट्टीच्या पार टोकाला न्या. मग पॉवर आयडल (इंजिन अगदी कमी पॉवरवर), आणि विमान खाली बसू लागेल तसतसा योक मागे घ्या. एकदम नाही. टेकवायची घाई नको. मागची चाकं आधी लागू द्या.

फुगलंच तर नाक खाली दाबू नका, नोजव्हील (नाकाखालचं चाक) आधी आपटतं. थोडं फुगलं असेल तर नाक तसंच धरून किंचित पॉवर द्या. जास्त असेल तर सरळ गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं): फुल थ्रॉटल, फ्लॅप्स २० अंशांवर.

इन्स्ट्रक्टरला सांगून लांब धावपट्टीवर न टेकता दोन-तीन फुटांवरून उडत जायचा सराव करा. नुसत्या टच अँड गोपेक्षा (टेकून लगेच पुन्हा उडणं) याने हात लवकर बसतो, कारण फ्लेअरचे ते चार सेकंद इथे चांगले लांबतात. क्रॉसविंडचा (बाजूच्या वाऱ्यातला) सराव सध्या बाजूला ठेवा.