‘देऊ की’ म्हणणं आणि प्रत्यक्ष बिल भरणं

तुमचा प्रश्न रास्त आहे. 125 देशांतल्या पाहणीत 69 टक्के लोक हवामानबदल रोखायला घरच्या उत्पन्नाचा 1 टक्का दरमहा द्यायला तयार असतात, मग इंधनावर जरा कर वाढला की लोक रस्त्यावर का येतात? पाहणीत थापा मारतात का?

थापा नाहीत हो. पण 2024 साली आलेल्या त्या पाहणीत पैसे कोण गोळा करणार, कशातून कापणार, कुठे खर्च करणार याचा पत्ताच नव्हता. अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणायला काय जातं? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. जर्मनीत मानहाइमला संशोधकांनी हेच तपासलं. लोकांच्या हातात खरे पैसे दिले आणि विचारलं, यातून युरोपच्या बाजारातले उत्सर्जनाचे परवाने (एक परवाना म्हणजे टनभर कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायची मुभा) घेऊन कायमचे बाद करता का? सरासरी तयारी निघाली टनामागे 12 युरो. पण निम्म्याहून जास्त लोकांनी एक छदामही दिला नाही. बाकीच्यांनी आकडा वर ओढला.

तरी लोक ढोंगी आहेत असं मी म्हणणार नाही. कारण स्वित्झर्लंड. तिथे घर गरम ठेवायच्या तेला-वायूवर 2022 पासून त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 120 फ्रँक कर आहे, जगातल्या चढ्या दरांपैकी एक. त्यातला सुमारे दोन तृतीयांश पैसा लोकांना आणि उद्योगांना परत मिळतो. पण कसा? माणशी वर्षाला साठेक फ्रँक, तेही आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन. विम्याच्या बिलातली ती ओळ कोण वाचतो? पैसे परत मिळतात हे बऱ्याच जणांना माहीतही नसतं.

जून 2021 मध्ये तिथे हवामानबदल रोखायच्या नव्या कायद्यावर मतदान झालं. त्यात विमानाच्या तिकिटावर 30 ते 120 फ्रँक आकारणी होती आणि पेट्रोल लिटरमागे 12 राप्पेनपर्यंत (शंभर राप्पेनचा एक फ्रँक) महागायची शक्यता होती. विरोधकांनी प्रचारात हा 12चा आकडाच धरला आणि 51.6 टक्के लोकांनी कायदा पाडला. दोन वर्षांनी, जून 2023 मध्ये, 2050 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचा कायदा मतदानाला आला. यात नवा कर नव्हता. जुनी हीटिंग यंत्रणा बदलायला 10 वर्षांत 2 अब्ज फ्रँकचं अनुदान होतं. 59.1 टक्के मतांनी पास! तेच मतदार, तोच हेतू. पैसा सरकारी तिजोरीतूनच, म्हणजे शेवटी त्यांच्याच खिशातून, जाणार होता. फक्त पंपावर दिसणार नव्हता.

फ्रान्समध्ये 2018 साली डिझेलवरचा कर चढत होता आणि त्याच वर्षी बड्यांचा संपत्ती कर जवळपास काढून टाकला होता. खेड्यातून गाडीने कामावर जाणारा आंदोलकांचं पिवळं जॅकेट चढवून चौकात बसला, यात मला तरी नवल वाटत नाही. कॅनडात कार्बन कराचा बहुतांश पैसा थेट कुटुंबांच्या खात्यात जायचा, तरी तो इतका नकोसा झाला की एप्रिल 2025 पासून सामान्य ग्राहकांसाठी शून्यावर आणावा लागला. उलट स्वीडनने 1991 मध्ये कार्बन कराला छोट्या दराने सुरुवात करून, सोबत इतर कर कमी करत, तो टनामागे शंभर युरोंच्या पुढे नेला.

आणखी एक. त्या 125 देशांच्या पाहणीत गरीब देशांत होकार जास्त मिळतो, श्रीमंत देशांत कमी. 1 टक्का रक्कम कुठे किती होते हे लक्षात घेतलं तरी मला हे महत्त्वाचं वाटतं. ज्यांना उन्हाचे चटके बसतात त्यांना ‘हो’ म्हणायला फार समजवावं लागत नाही.

तुम्ही सोसायटीत अशी पाहणी करणार असाल तर ‘पर्यावरणासाठी पैसे द्याल का?’ असं अजिबात विचारू नका. 2021 मध्ये महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने पूर्ण हरित वीज हवी असणाऱ्यांसाठी युनिटमागे जादा 66 पैसे ठरवले होते. तोच दर धरा: 300 युनिटला 198 रुपये. रक्कम लिहा, कुठल्या महिन्यापासून बिलात येईल ते लिहा. आणि शेजारी काय म्हणतील असं वाटतं, तेही विचारा. त्या जागतिक पाहणीत लोकांचा अंदाज होता की इतरांपैकी 43 टक्केच तयार असतील. प्रत्यक्ष होकार 69 टक्के होता. बाकीचे देणार नाहीत असं धरून हात आखडणारे तुमच्याकडेही निघतील, त्यांना तुमच्याच इमारतीचा आकडा दाखवून पुन्हा विचारा.