डोक्यावरून कुणी हात फिरवला की गुंगी येते, स्वतः फिरवला तर का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की बायको डोक्यावरून हात फिरवायला लागली की दोन मिनिटांत डोळे मिटतात, पण स्वतःच्या हाताने तेच केलं तर ढिम्म काही होत नाही. हा मनाचा खेळ की शरीराचा, असा तुमचा प्रश्न. दोन्हीचा, पण शरीराचा वाटा बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा. मी नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

त्वचेला काही लागलं की नस मेंदूला निरोप पाठवते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हे निरोप एकाच टपालाने जात नाहीत. एक टपाल जाड, मायेलिनचं (चरबीयुक्त पदार्थाचं) वेष्टण असलेल्या तंतूंचं. त्यांचा वेग सेकंदाला 50 मीटरच्या आसपास. काय लागलं, कुठे लागलं, खरखरीत की गुळगुळीत, ही बातमी ते देतात. खिशात हात घालून न बघता नाणं ओळखता ते त्यांच्याच जोरावर. दुसरं टपाल बारीक, वेष्टण नसलेल्या तंतूंचं. यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात आणि ते सेकंदाला जेमतेम 1 मीटर चालतात. पोटरीवर कुणी हात फिरवला तर यांचा निरोप मेंदूत पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तोवर पहिल्या तंतूंचं सगळं सांगून झालेलं असतं! मग हे उशिरा येऊन सांगतात तरी काय? तर एवढंच, की बरं वाटतंय.

हे तंतू लव असलेल्या त्वचेत असतात: पाठ, हात, चेहरा, कपाळ. तळहातावर जवळपास नसतातच. 1939 मध्ये स्वीडनच्या झॉटरमन यांना ते मांजरात सापडले, पण माणसात ते उरले नसावेत असाच समज बरीच वर्षं होता. पुढे 1960 च्या दशकात स्वीडनमध्येच हागबार्थ आणि वाल्बो यांनी जाग्या माणसाच्या नसेत बारीक सुई घालून तिच्यातले संदेश टिपायची पद्धत काढली. तिच्यामुळे 1990 पर्यंत माणसाच्या कपाळाच्या नसेतही हे तंतू मिळाले.

आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. या तंतूंना वेगाची आवड असते. सेकंदाला 1 ते 10 सेंटीमीटर या वेगाने हळू हात फिरला तर ते जोरात बोलतात. त्याहून सावकाश किंवा भरभर फिरला की गप्प व्हायला लागतात. वर्गात मी दरवर्षी हे करून दाखवते. मनगटापासून कोपराकडे 9 सेंटीमीटर मोजून पेनाने दोन खुणा करायच्या, डोळे मिटायला सांगायचे आणि मऊ रंगाचा ब्रश एकदा अर्ध्या मिनिटात, एकदा तीन सेकंदांत आणि एकदा झटकन न्यायचा. तीन सेकंदवाल्याला जवळजवळ सगळा वर्ग मत देतो. अर्ध्या मिनिटाच्या ब्रशला मुली म्हणतात, 'मॅडम, झुरळ चालल्यासारखं वाटतं.' नऊ महिन्यांच्या बाळांवर असाच प्रयोग झालाय. मधल्या वेगाला त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले, बाकी दोन वेगांना नाही. म्हणजे हे कुणी शिकवावं लागत नाही. तुमची बायकोही घड्याळ लावून हात फिरवत नसणार.

हे तंतू खरंच वेगळं काम करतात का, याचा पुरावा एका रुग्णाकडून मिळाला. आजारात तिच्या नाकाखालच्या सगळ्या शरीरातले जाड तंतू निकामी झाले होते, बारीक शाबूत होते. 2002 च्या अभ्यासात तिच्या हातावरून ब्रश फिरवला. कुठल्या दिशेने फिरला ते तिला सांगता येईना, पण काहीतरी पुसटसं, सुखद लागतंय हे कळत होतं. मेंदूच्या स्कॅनमध्ये स्पर्शाचा नेहमीचा भाग शांत होता आणि इन्सुला जागा झाला होता. शरीराला आतून कसं वाटतंय, भूक, धडधड, वेदना, याची दखल घेणारा हा भाग.

मग स्वतःच्या हाताचं काय? आपण हात हलवला की त्याचा स्पर्श कसा लागेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि तो स्पर्श फिका करून टाकतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचं कारणही हेच. यात लहान मेंदूचा हात असल्याचं 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं.

आणि मनाचा वाटा? गर्दीच्या लोकलमध्ये अनोळखी हात अगदी 'योग्य' वेगाने पाठीवरून गेला तरी शिसारीच येते, कुठल्याही बाईला विचारा. एका प्रयोगात पुरुषांना स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं की आता पायावरून बाई हात फिरवतेय, आता पुरुष. प्रत्यक्षात दर वेळी बाईच होती. तरी मेंदूतल्या स्पर्शाच्या पहिल्या पायरीवरचा प्रतिसादही बदलला.

ऑक्सिटोसिन या हार्मोनबद्दल व्हॉट्सअॅपवर जे फिरतं (इतके सेकंद मिठी मारा, हार्मोन सुटेल वगैरे) ते फार मनावर घेऊ नका. प्रसूतीत आणि अंगावर पाजताना त्याचं काम पक्कं ठाऊक आहे, पण मिठी म्हणजे नळाची तोटी नव्हे.

माझ्या विद्यार्थिनींना मी याऐवजी कांगारू मदर केअर सांगते, कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं. कोलंबियातल्या बोगोटात 1970 च्या दशकाच्या शेवटी हे सुरू झालं, ते मुळात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून. 2021 मध्ये दिल्लीसह पाच ठिकाणच्या रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच असं धरलेल्या बाळांत 28 दिवसांच्या आत 12 टक्के दगावली, नेहमीच्या पद्धतीत 15.7 टक्के. हे सगळं श्रेय बारीक तंतूंना देता येणार नाही. ऊब, दूध, कमी जंतुसंसर्ग, सगळंच त्यात आलं.

एक राहिलं. हे तंतू त्वचेच्याच तापमानाला, साधारण 32 अंशांना, सर्वात चांगले बोलतात. गार किंवा फार गरम वस्तू फिरवली तर कमी. आमची आजी थंडीत बाळाला तेल लावायच्या आधी शेगडीवर हात शेकून एकमेकांवर चोळायची आणि मग आपल्याच गालाला लावून बघायची. तुमच्या बायकोचे हात भांडी घासून गार पडले असतील, तर त्या दिवशी गुंगीला जरा वेळ लागेल.