पोटगीला पैसे नाहीत, मग लेकराला कुठल्या तोंडानं भेटू?

"मॅडम, पगारच धड होत नाही, पोटगी कुठनं देऊ?" हे वाक्य माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या इतक्या जणांनी म्हटलंय की शेवटी लिहायलाच बसले. कधी शिरोलीच्या फाउंड्रीतला कामगार असतो, कधी इचलकरंजीचा लूमवाला, कधी हुपरीचा चांदीचा कारागीर. परवा तर एकाची आईच आली होती, "पोराला आत घालतील काय हो?" म्हणून विचारायला. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून.

हा मोल्डिंगला कामाला. बायको माहेरी, दुसरीतली मुलगी तिच्याकडं. मुलीसाठी महिन्याला 8,000 असा कोर्टाचा आदेश झाला तेव्हा ओव्हरटाइम धरून हातात 23,000 पडायचे, मग कंपनीच्या ऑर्डरी घटल्या, ओव्हरटाइम बंद झाला, हजेरी पण कमी, आणि पगार 15,000 वर आला. तेव्हापासनं यानं एक रुपया भरला नव्हता. सुरुवातीच्या भेटींत बायको, तिचे भाऊ, दोन्हीकडचे वकील एवढाच विषय. मी बोलू दिलं, भरलेलं मन मोकळं झाल्याशिवाय पुढचं काही आत शिरत नाही.

मग एकदा विचारलं, "मुलीला शेवटचं कधी भेटलाय?"

"गणपतीत." आणि आता शाळांना उन्हाळी सुट्टी लागलेली.

"कोर्टानं भेटीचे रविवार दिलेत ना?"

"दिलेत की. पण पैसं न देता हात हलवत कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी म्हटलं, "8,000 जमत नाहीत हे मला पटलं. पण मग शून्य कसं काय ठरलं?"

बराच वेळ काही बोलला नाही, हातातल्या हेल्मेटचा पट्टा नुसता उघडझाप करत बसला. मग म्हणाला, "3,000 दिलं तर मेव्हणं म्हणणार, एवढीच लायकी काय रे तुझी? त्यापेक्षा नकोच म्हटलं."

माझ्या मते सगळी गाठ इथं होती. इतकी वर्षं हे काम करताना माझं एक मत पक्कं झालंय, माणूस परिस्थितीनं जितका अडतो त्यापेक्षा जास्त त्या परिस्थितीबद्दल तो मनात जे घोकत असतो त्यानं अडतो. पगार कमी झाला ही खरी अडचण होती, पण 'पूर्ण देता आले तरच मी बाप, नाहीतर मी कोणीच नाही' हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. पैशाच्या तंगीमुळं रक्कम कमी झाली असती. शून्य झाली ती या हट्टामुळं, आणि त्यात मुलीचे पैसेही गेले आणि बापही गेला.

मी हे त्याला असं भाषण देऊन सांगितलं नाही. विचारलं, "दुसरीतल्या पोरीला 8 आणि 3 यातला फरक कळतो का?" म्हणाला, "तिला कुठलं कळतंय." आणि मग हळूच, "पप्पा येत नाही एवढं कळत असंल." डोळे पुसले आणि स्वतःच म्हणाला, कागद द्या, हिशोब मांडू.

खोलीभाडं, किराणा, आईची बीपीची गोळी, गाडीचा हप्ता असं लिहीत गेला आणि शेवटी, जरा अडखळत, भिशी 2,000. "भिशी मोडता येत नाही मॅडम, दोस्तांत शब्द दिलाय." मी काहीच बोलले नाही. त्यानं त्या 2,000 भोवती गोल केला, थोडं थांबला आणि पुढं मुलीचं नाव लिहिलं. त्या महिन्यात 4,000 बँकेतनं गेले.

आता जे प्रत्येकाला सांगते ते इथं सांगते. पगार घटला म्हणून आदेश आपोआप घटत नाही, रक्कम महिन्यागणिक साचत राहते. कमी करून हवी असेल तर बदललेली परिस्थिती दाखवून अर्ज करावा लागतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 146. पगाराच्या स्लिपा, हजेरी, बँक पासबुक सगळं लावा. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2020 मध्ये दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर मांडायची पद्धत घालून दिलीय, त्यात लपवाछपवी करू नका. हौसेनं काढलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून मुलाचा हक्क मागं ढकलता येईल असं समजू नका, कोर्ट सहसा ते मानत नाही. धडधाकट माणसानं 'मला कामच नाही' म्हणणं तर अजिबात चालत नाही. सबळ कारण नसताना थकवली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आल्यानं देणं फिटत नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत जमेल तेवढे भरत राहा आणि हातात रोख देऊ नका, बँकेतनं किंवा फोनवरनं पाठवा म्हणजे नोंद राहते.

आयांनाही एक सांगायचंय. पैसे आले नाहीत म्हणून भेट बंद करू नका, आणि बाबांनो, भेट देत नाही म्हणून पैसे बंद करू नका. दोन्ही हक्क लेकराचे आहेत, तुमच्या भांडणातली हत्यारं नाहीत. आईवर मी चिडत नाही हे मुद्दाम लिहिते, महिनोन्‌महिने शाळेची फी, दूध, दवाखाना एकटीनं ओढणाऱ्या बाईचा राग खोटा नसतो.

त्या मोल्डिंगवाल्याची रक्कम पुढं अर्ज केल्यावर 5,500 झाली, थकबाकीला हप्ते बांधून मिळाले. पहिल्या रविवारी मुलगी त्याच्याजवळ आलीच नाही, आईच्या मागं उभी राहिली. तो मला फोन करून म्हणाला, "मॅडम, ती बोलंना." मी म्हटलं, पुढच्या रविवारी परत जा. तो गेला, आणि अजून जातोय.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अर्ज थांबवू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं महिलांना, मुलांना आणि कारखान्यातल्या कामगारांना मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना आदेशाची प्रत आणि शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा सोबत न्या.