नामिबियात येताना जर्मन कितपत उपयोगी पडते?

पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात बी-वनपर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, जर्मन शिकलेल्या आपल्याला नामिबियातील स्वाकोपमुंड या गावी नोकरीसाठी येताना त्या भाषेचा उपयोग होईल का, आणि मुलीला जर्मन शिकवणाऱ्या शाळेत घालावे का, असे आपण विचारले आहे. मी याच गावात अकरा वर्षे राहत असल्याने सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की १९९० मध्ये देश स्वतंत्र झाल्यापासून येथील एकमेव राजभाषा इंग्रजी आहे, त्यामुळे कार्यालय, बँक आणि व्हिसाची कामे तिच्यातच होतात. बाजारात आणि कामगारांशी बोलताना आफ्रिकान्स ही डचमधून निघालेली भाषा सर्वाधिक कामाला येते. जर्मन ही देशातील एक टक्क्याहूनही कमी घरांची भाषा आहे. मात्र ती घरे व्यापार, हॉटेले आणि मोठ्या शेतांशी जोडलेली असल्याने तिचे अस्तित्व संख्येपेक्षा पुष्कळ अधिक जाणवते. सकाळी बेकरीत लोक जर्मनमध्येच पाव मागतात, आणि १९१६ साली निघालेले 'आल्गेमाइने त्सायटुंग' हे दैनिक आजही वाचले जाते.

आपण वर्गात शिकलेली जर्मन आणि येथील जर्मन यांत मात्र अंतर आहे. शंभराहून अधिक वर्षे आफ्रिकान्सच्या शेजारी राहिल्याने तिच्यात त्या भाषेचे शब्द मुरले आहेत. कोरड्या नदीपात्राला येथे 'रिव्हिअर' म्हणतात, रस्त्याला 'पाड', आणि चविष्ट किंवा छान असे काहीही 'लेकर' असते. एका शेतमालकाने मला पत्ता सांगताना 'रिव्हिअर ओलांडा' म्हटले, तेव्हा मी पोलीसठाणे शोधत राहिलो, कारण जर्मनीत त्याच उच्चाराचा शब्द ठाण्यासाठी वापरतात.

आता जे सांगतो ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ही भाषा येथे १८८४ पासून १९१५ पर्यंतच्या वसाहतीबरोबर आली, आणि त्याच राजवटीने १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा नरसंहार केला. स्वाकोपमुंडमध्येही बंदिछावणी होती. गावाच्या कडेला, दफनभूमीलगतच्या वाळूत त्या मृतांच्या नाव नसलेल्या कबरी आहेत. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तेथे जाऊन यावे, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. जर्मनीने हा नरसंहार होता असे २०२१ मध्ये मान्य केले, परंतु भरपाईचा वाद मिटलेला नाही. राजधानी विंडहुकच्या 'कायझरस्ट्रासे'चे (सम्राटाच्या नावाच्या रस्त्याचे) नाव स्वातंत्र्याच्या वर्षीच 'इंडिपेन्डन्स अव्हेन्यू' झाले. म्हणून समोरच्याने सुरुवात केल्याशिवाय आपण होऊन कोणाशीही जर्मनमध्ये बोलू नये, असे मी सुचवेन.

तरीही ही भाषा केवळ गोऱ्यांची आहे, असे समजू नका. जर्मन घरांत आणि शेतांवर राबलेल्या कृष्णवर्णीयांनी कानाने उचललेली एक 'स्वयंपाकघरातली जर्मन' आहे, जी आता मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरली आहे. शिवाय दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १९७९ पासून, चारशेहून अधिक नामिबियन मुले पूर्व जर्मनीत वाढवली गेली आणि १९९० मध्ये अचानक परत आणली गेली. त्यांच्यापैकी अनेकांची सर्वांत सहज भाषा जर्मनच होती, पण मायदेश मात्र परका झाला होता. असे कोणी भेटले तर ती जर्मन ऐकावी, कारण तिच्यात पूर्व जर्मनीतले शब्द ओशिवाम्बो या येथील भाषेत आणि इंग्रजीत मिसळलेले असतात.

मुलीच्या शाळेबद्दल सांगायचे तर जर्मन हा एक विषय म्हणून जरूर घ्यावा, परंतु येथील वरच्या वर्गांचे आणि पुढील शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच आहे, हे लक्षात घेऊन शाळा निवडावी. आणि निघण्यापूर्वी हाती तीन महिने असतील तर ते आफ्रिकान्ससाठी द्यावेत; जर्मन येत असल्याने ती आपल्याला लवकर जमेल.