दोन दिवसांची पाहुणी

प्रश्न : मॅडम, मी सांगलीची. बी.एस्सी. नर्सिंगनंतर दोन वर्षं रुग्णालयात नोकरी केली. आता ऑस्ट्रेलियात डार्विनला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करते आहे. पुढे ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, लोकांच्या आरोग्यावरच काम करायचं ठरवलं आहे. जुलैतल्या एका शनिवार-रविवारी भाड्याची गाडी घेऊन एकटीच गुनबलान्या या वस्तीवर जाईन म्हणते. तिथला दवाखाना बघायचा, बायकांशी बोलायचं, म्हणजे बायोडेटात ‘दुर्गम वस्तीतला अनुभव’ लिहिता येईल. कॉलेजात असताना एनएसएसच्या शिबिरात सात दिवस खेड्यात राहिले होते, त्यामुळे सवय आहे. आई मात्र रोज फोनवर ‘एकटी जाऊ नकोस’ म्हणते. जाऊ का?

उत्तर : जा. जुलै हा तिकडे जायला योग्य महिना आहे. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो आणि तेव्हा तो रस्ता बंद पडतो. पण दवाखाना बघणं, बायकांच्या मुलाखती घेणं आणि ते बायोडेटात लिहिणं, हे तिन्ही बेत इथेच सोडून जा.

शिबिराची आठवण तूच काढलीस, तर तिथूनच सुरुवात करू. तुम्ही गावात पोचण्याआधी तुमचे सर कुणाशी तरी बोलले असतील. शाळेच्या खोल्या मिळाल्या, स्वयंपाकाची सोय झाली, कॉलेजची मुलं कशाला आलीत हे गावाला ठाऊक होतं. गुनबलान्यात तुझ्यासाठी हे कुणीही केलेलं नाही. शनिवार-रविवारी तिथल्या दवाखान्यात तातडीचे पेशंटच येणार. त्यांच्या दारात ‘मी बघायला आले’ म्हणून उभी राहिलीस, तर नर्स म्हणून तुलाच ते पटणार नाही. आणि प्रश्न विचारून टिपणं काढणं हे संशोधन आहे. त्याला विद्यापीठाच्या एथिक्स समितीची आणि आधी त्या समाजाची संमती लागते. वही घेऊन आलेल्या पाहुण्यांचा अनुभव त्या लोकांना भरपूर आहे. त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीत सरकारी माणसांनी लेकरं उचलून नेली. त्याबद्दल पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ला, म्हणजे अगदी परवा. एखादी बाई तुझ्याशी बोलली नाही, तर तिच्यापाशी तिची कारणं आहेत.

आता परवान्याचं. गुनबलान्या आर्नहेम लँडमध्ये येतं. १९७६च्या जमीन हक्क कायद्याखाली ही भूमी तिथल्या परंपरागत मालकांची आहे, म्हणून आत जायला नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना काढावा लागतो. तुला ही सरकारी कटकट वाटेल. तू तिला दारावरची कडी वाजवणं समज. घरातलं कुणी ‘या’ म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचं. रात्री फॉर्म भरला आणि सकाळी निघाले, असं इथे चालत नाही, म्हणून बरेच दिवस आधी अर्ज कर. उत्तर ‘आत्ता नको’ असंही येऊ शकतं. गावात कुणी वारलं की ‘सॉरी बिझनेस’, म्हणजे तिथला दुखवटा, सुरू होतो. अशा वेळी बाहेरच्यांनी यायचं नसतं. सुतकातल्या घरी आपण तरी कुठे पाहुणचाराला जातो? तसं झालं तर वाटेतल्या ईस्ट ॲलिगेटर नदीच्या अलीकडे काकाडू राष्ट्रीय उद्यानात उबिरच्या खडकांवर हजारो वर्षांची चित्रं आहेत. तिथे जायला उद्यानाचा पास पुरतो.

मिळाला परवाना, तर दिवस इंजालाक आर्ट्स या कलाकेंद्रात घालव. शनिवारी उघडं असतं का, हे आधी विचारून घे. बायका पँडनसच्या, म्हणजे केवड्याच्या जातीच्या झाडाच्या, पातींच्या टोपल्या विणतात, कापडावर छपाई होते, आणि शेजारच्या इंजालाक टेकडीवरची चित्रं गावातलाच वाटाड्या दाखवतो. एखादी टोपली विकत घे. बस आणि बघ, फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस, पोरांना खाऊ वाटत फिरू नकोस. दारूची बाटली गाडीतसुद्धा नको, तिथे तो गुन्हा आहे.

एक गोष्ट मात्र तुला तुझ्या वर्गातल्या पुष्कळांपेक्षा लवकर उमजेल. तिथले बिनिंज लोक वडिलांच्या भावालाही वडील म्हणतात, आईच्या बहिणीलाही आई. म्हणून चुलत आणि मावस ती सख्खी भावंडं, मामे आणि आते यांचं नातं वेगळं. मामाच्या मुलीशी लग्न चालतं पण मावशीच्या मुलीशी नाही, हे ऐकत मोठी झालेली मराठी मुलगी यात चटकन रस्ता शोधते. जावई आणि सासू एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आज्या आपण पाहिल्यात, त्यामुळे हे विचित्र वाटायचं कारण नाही. नर्सला तर हे कामाचंच ज्ञान आहे. वेटिंग रूममध्ये कोण कोणाशेजारी बसू शकत नाही, हे कळलं नाही तर पेशंट न तपासताच घरी जातो आणि फाईलवर ‘आला नाही’ एवढंच राहतं. तरीही साम्य दिसलं म्हणून सगळं कळलं असं धरू नकोस. तुझ्यासाठी तिथला शब्द बहुधा ‘बालांदा’ असेल. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव) गोळा करायला येणाऱ्या मकासरच्या खलाशांबरोबर ‘हॉलंडर’, म्हणजे डच माणूस, हा शब्द त्या किनाऱ्यावर आला आणि बाहेरच्या माणसासाठी रुळला. सावळा रंग असला तरी तू बाहेरचीच.

आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धास्ती माणसांची नको, रस्त्याची हवी. डार्विन ते काकाडूमधलं जाबिरू गाव साधारण अडीचशे किलोमीटर, डांबरी आणि सोपं. पुढे ईस्ट ॲलिगेटर नदीवर केहिल्स क्रॉसिंग हा फरशी पूल लागतो. सांगलीकराला फरशी पूल म्हटला की पावसाळा आठवतो. इथे ऐन कोरड्या दिवसांतही भरती आली की पाणी पुलावर चढतं. कृष्णेतल्या मगरी तू पाहिल्या असशील. या खाऱ्या पाण्यातल्या, त्याहून कितीतरी मोठ्या, आणि नेमक्या त्या पुलाशी मासे धरायला जमतात. तिथे गाडीतून खाली उतरून पाण्याचा अंदाज घ्यायचा नाही. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता आणि पाण्यातून जाणं बहुतेकदा विम्याबाहेर असतं, तेही वाच. त्यापेक्षा मी तुझ्या जागी असते तर जाबिरूत मुक्काम केला असता आणि तिथून स्थानिक वाटाड्यांबरोबर दिवसभराची सहल घेतली असती. एकटीनेच गाडी हाकत गेल्याने तुझ्या शिक्षणात काहीही भर पडत नाही.

राहिला बायोडेटा. या प्रवासाची एक ओळही त्यात नको. मुलाखत घेणाऱ्यांत त्या भागातलंच कुणी असू शकतं, आणि दोन दिवसांना ‘अनुभव’ म्हटलेलं त्यांना तत्काळ कळतं. तू निवडलेलं काम कसलं आहे ते आठव. ऱ्हुमॅटिक हृदयविकार, म्हणजे लहानपणीच्या घशाच्या संसर्गातून हृदयाच्या झडपा खराब करणारा आजार, तू आपल्याकडच्या वॉर्डात पाहिला असशील. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम वस्त्यांमधलं त्याचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांत मोजलं जातं. दहा-बारा वर्षांच्या पोराला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. ते पोर परत येतं ते ओळखीच्या माणसाकडे. आणि दुर्गम दवाखान्यांची जुनी तक्रार हीच, की नर्स येतात आणि काही महिन्यांत निघून जातात. तिथे टिकलेल्या माणसाची किंमत आहे.

म्हणून सोमवारी डार्विनमध्येच सुरुवात कर. तू राहतेस ते शहर लाराकिया लोकांच्या भूमीवर वसलं आहे आणि ॲबोरिजिनल माणसं तुझ्या बसमध्येही असतात. समाजाने स्वतः चालवलेल्या आरोग्यसेवेची पहिली संस्था १९७१मध्ये सिडनीच्या रेडफर्नला उभी राहिली. डार्विनमध्ये १९९१पासून डॅनिला डिल्बा ही तशीच संस्था आहे, आणि संशोधनाकडे कल असेल तर मेन्झीस ही आरोग्य-संशोधन संस्था. मुलांशी संबंधित कामासाठी लागणारं ओकर कार्ड आत्ताच काढून ठेव. विद्यापीठाच्या प्लेसमेंट कार्यालयाला लेखी सांग, की दुर्गम भागातली जागा आली तर मला हवी, आणि ती जितकी लांब मुदतीची असेल तितकी बरी. पुढे दवाखान्यात नर्स म्हणून उभं राहायचं असेल तर तिथली नर्सिंग नोंदणी लागेल. त्याच्या परीक्षांना वेळ आणि पैसा दोन्ही जातात, तो हिशेब मास्टर्स संपायच्या आधी मांड. तू रुग्णालयात काढलेली दोन वर्षं ही खरी जमा आहे, ती बायोडेटात वर घे.

आणि जाबिरूच्या मुक्कामाचा पत्ता, परत यायची वेळ आणि वाटेत बराच वेळ फोनला रेंज नसेल हे आईला आधीच सांगून ठेव. नाहीतर शनिवारी दुपारपासून सांगलीत कुणी जेवणार नाही.