गोव्यात थंडी सरल्यावर घरापुढच्या लॉनची तयारी कशी करावी?
फेब्रुवारीत लॉन एकदाच अडीच सेंटिमीटरपर्यंत खाली कापा, वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढा आणि बागेच्या काट्याने दर 10 सेंटिमीटरवर 8 सेंटिमीटर खोल भोकं पाडा. आदल्या दिवशी पाणी द्या, नाहीतर काटा शिरत नाही. आपल्याकडची थंडी गवत मारत नाही. पावसाने दडपून उन्हात घट्ट झालेली जांभ्याची तांबडी माती मुळं गुदमरवते, म्हणून भोकं सर्वांत महत्त्वाची. वर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू समप्रमाणात, अर्धा सेंटिमीटर. पाती दिसत राहिली पाहिजेत. आठवड्याने चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया कोरड्या पात्यांवर टाकून लगेच भरपूर पाणी द्या, नाहीतर गवत करपतं. हे सगळं हरळीसाठी. आंब्या-फणसाच्या दाट सावलीत ती विरळच राहते, तिथे सावली सोसणारं गवत लावा.