अरुंद चॅनेलमधला धोका मोजताना

नागपूर

प्रिय विद्यार्थीमित्रा,

बंदराकडे जाणाऱ्या अरुंद जलमार्गात, म्हणजे चॅनेलमध्ये, जहाजांच्या अपघातांचा धोका मोजण्याचा तुझा आराखडा वाचला. जुन्या अपघातांच्या नोंदींवरून चॅनेलचा धोका काढायचा विचार सोड. एकाच चॅनेलमध्ये मोठे अपघात इतके विरळ होतात की त्यावर गणित उभं राहत नाही. त्यापेक्षा फुजी आणि मॅकडफ या संशोधकांची रीत धर: कुणीच सुकाणू वळवलं नसतं तर किती जहाजं आदळली असती हे एआयएसवरून (जहाजं आपली जागा आणि वेग ज्या यंत्रणेतून आपोआप कळवत राहतात ती) मोजायचं आणि त्याला चूक होण्याच्या शक्यतेने गुणायचं. ही शक्यता साधारण दहा हजारांत एक धरतात; पण ती जपान आणि डोव्हरच्या सामुद्रधुन्यांवरून आली आहे. पायलट (बंदराच्या पाण्यात जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) घेऊन चालणाऱ्या जहाजांना ती जशीच्या तशी लावू नकोस. दुप्पट आणि निम्मी धरून उत्तर किती हलतं ते दाखव.

खरी गफलत एआयएस वाचताना होते. त्यात येणारी जागा अँटेनाची असते. 300 मीटरच्या टँकरचं पुढचं टोक तिथून दोनशेहून अधिक मीटर पुढे असतं. संदेशातली ए, बी, सी, डी ही चार मापं (अँटेनापासून जहाजाच्या पुढच्या, मागच्या, डाव्या आणि उजव्या कडेपर्यंतची अंतरं) वापरून आधी जहाजाचा पूर्ण आकार मांड, मगच दोन जहाजांमधलं अंतर काढ. ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालेलं आहे ते माप, हाताने भरलेला असतो, कित्येकदा मागच्या फेरीतलाच राहिलेला. तो बंदराच्या नोंदीशी ताडून घे.

वेगाचं तर फार जप. एआयएस जमिनीच्या हिशेबाने वेग देतं, आणि उथळ पाण्यात चालताना जहाज आणखी खाली बसतं ते पाण्यातल्या वेगाने. बॅरासचं सोपं सूत्र घे: अरुंद पाण्यात ब्लॉक गुणांक (जहाजाचा बुडालेला भाग त्याच मापाच्या चौकोनी पेटीचा किती हिस्सा भरतो ते) गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले 50. गुणांक 0.8 आणि वेग 8 नॉट असेल तर जहाज सुमारे 1 मीटर बसतं. पण समोरून 2 नॉटचा प्रवाह असेल तर पाण्यातला वेग 10 होतो आणि बसणं 1.6 मीटर. ड्राफ्ट 14 आणि खोली 16 मीटर असेल, तर तळाखाली 40 सेंटिमीटर पाणी उरलं. लाटांमुळे जहाज वरखाली होईल तेही त्यातच आलं.

रुंदीचंही तसंच. आडव्या वाऱ्यात 5 अंश तिरकं चालणारं 300 मीटर लांब, 45 मीटर रुंद जहाज सुमारे 71 मीटर जागा व्यापतं. काठाजवळ गेलं की मागची बाजू काठाकडे ओढली जाते आणि पुढचं टोक वाहतुकीच्या मध्यात वळतं.

परिणामांत फक्त जहाजाचं नुकसान धरू नकोस. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया 3 यांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले आणि मुंबई व जेएनपीटी या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. विदर्भातून निघालेला माल अशा वेळी इथेच अडकतो, तोही खर्चात घाल.

नागपुरात बसून स्क्रीनवर चॅनेल मोकळा दिसेल. लहान मासेमारी होड्यांना एआयएस सक्तीचं नसल्याने त्यातल्या कित्येक तुझ्या डेटात नाहीतच. मुंबईला एकदा जाऊन ये. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा नको. पायलटांना नकाशा दाखवून विचार: कुठल्या बोयाजवळ (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेजवळ) वेग उतरवता, कुठे समोरचं जहाज येऊ देत नाही, रात्री होड्यांची जाळी कुठे पसरलेली असतात. ती ठिकाणं तुझ्या निकालात धोक्याची दिसत नसतील, तर गणित पुन्हा तपास.

तुझा हितचिंतक